बूच लावून सांगितलेलं गाऱ्हाणं

माझ्या नातवंडांनो,

तुमच्या आजीची सगळी नोकरी लोकांच्या बाटल्या रिकाम्या करण्यात गेली. दिवाळी अंकाच्या संपादकांना माझ्याकडून रुग्णसेवेच्या आठवणी हव्या आहेत. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा पांढरी टोपी, रुग्णाच्या कपाळावर ठेवलेला हात आणि खिडकीतून येणारं कोवळं ऊन असावं. माझ्या डोळ्यांसमोर एनॅमलचं तसराळं येतं, उकळत्या पाण्यात गटांगळ्या खाणारी लाल नळी येते, आणि 'झाली काय?' हा प्रश्न येतो. माझ्या आयुष्यात मी सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न तोच. तुम्ही परदेशात बसून हे वाचणार म्हणून तुम्हालाच समोर धरून लिहिते. अंकाच्या वाचकांनी मागच्या बाकावर बसावं.

तेव्हा आपला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झालेला नव्हता. मालवणच्या एका छोट्या दवाखान्यात मी नर्स होते. मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शाळेत शिकून मी मुंबईला नर्सिंग केलं होतं, त्यामुळे दवाखान्यातली प्रत्येक गोष्ट कुठे असावी याबद्दल माझी ठाम मतं होती, आणि ती मी न विचारता सांगत असे. कात्री जागेवर नसेल तर कंपाउंडर दारातूनच परत फिरायचा. माणसाचं शरीरही एखाद्या कपाटासारखं लावून ठेवता येतं अशी माझी समजूत होती. ती मोडून काढण्याचं काम प्रामुख्याने म्हाताऱ्या पुरुषांच्या मूत्राशयाने केलं.

हे प्रकरण काय असतं ते सोप्या शब्दांत सांगते. वय झालं की पुरुषांची एक ग्रंथी वाढते आणि लघवीची वाट आवळते. आधी थेंब थेंब होते, मग एक दिवस अजिबात होत नाही. पोट टम्म होतं आणि माणूस कासावीस होतो. मग डॉक्टर पेन्सिलीहून बारीक अशी रबरी नळी आत सरकवतात, आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो मी देवळातसुद्धा फारसा पाहिलेला नाही. ऑपरेशन होईपर्यंत काहींना ती नळी कायम ठेवावी लागे. तिचं दुसरं टोक बाटलीत. नळी घालण्याचं काम डॉक्टरांचं. नळी घातल्यानंतरचा संसार माझा: बाटली रिकामी करणं, नळ्या उकळणं, आतून धुऊन काढणं, आणि बाटली नेहमी कमरेच्या खाली ठेवा हे ओरडून सांगणं. वर ठेवली की बाहेर आलेलं परत आत जातं आणि ताप भरतो. हे पाण्याचं साधं तंत्र आहे, पण आलेल्या पाहुण्यांना बाटली दिसू नये म्हणून ती खिडकीच्या फळीवर, पडद्याआड नेऊन ठेवणारे कितीतरी सज्जन मी पाहिले.

गिऱ्हाइकंही एकेक होती. मच्छीमार होडीवरच्या एका निवृत्त तांडेलाला डॉक्टरांनी लघवीच्या जंतूंसाठी निळ्या गोळ्या दिल्या. लघवीचा रंग बदलेल, घाबरू नका, हे मी त्यांना शुद्ध मराठीत, नीट उभं राहून समजावलं. ते मान हलवत गेले. दोन दिवसांनी भर गर्दीत त्यांनी दवाखान्याच्या मधोमध एक बाटली ठेवली. आत हिरवंनिळं पाणी.

"नर्सबाय, ह्या बघ. माझ्या पोटात दर्या शिरलो."

"तांडेलमामा, गोळीचो रंग तो. मी सांगितलेलं ना?"

"भगत म्हणता करणी."

"आणि मी म्हणतंय गोळी."

"मगे गोळी बंद करू?"

"गोळी चालू ठेवा. भगताक बंद करा."

गोळ्या संपल्या, तब्येत सुधारली, आणि तांडेलमामा पुन्हा हजर. त्यांना आणखी दोन गोळ्या हव्या होत्या. वेंगुर्ल्याहून व्याही यायचे होते आणि हा चमत्कार त्यांनी अजून पाहिलेला नव्हता.

अशा माणसांना हसणं मला सोपं होतं. मग ती नळी माझ्या स्वतःच्या वडिलांना लागली.

माझे वडील, तुमचे पणजोबा, म्हणजे आबा. सगळा गाव त्यांना आबाच म्हणे. मसुऱ्याच्या वाटेवर खाडीकाठी आमचं गाव, थोडी भातशेती, थोडे माड. आबा रवळनाथाच्या देवळातले मानकरी होते आणि जत्रेला देवापुढे गाऱ्हाणं सांगायचा मान त्यांचा होता. तुम्ही गाऱ्हाणं ऐकलेलं नाही. गावचा एक जाणता माणूस देवासमोर उभा राहतो आणि सगळ्या गावाच्या वतीने देवाशी बोलतो: काय चुकलं, काय हवं, कोणाला सांभाळ, कोणाला वळणावर आण. प्रत्येक वाक्याला मागचा जमाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. गाऱ्हाणं उभ्यानेच सांगायचं आणि देवासमोर खोटं बोलायचं नाही, एवढे दोनच नियम. आबांच्या आवाजात गाऱ्हाणं ऐकायला मुंबईचे चाकरमानी रजा काढून येत.

आबांची लघवी अडली ती जत्रेच्या महिनाभर आधी. डॉक्टरांनी नळी ठेवली आणि मुंबईला नेऊन ऑपरेशन करा म्हणाले. ते ऑपरेशन पुढे नीट झालं आणि आबा त्यानंतर बऱ्याच जत्रा पाहून गेले, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही उगाच धास्तावणार नाही. तेव्हा प्रश्न जिवाचा नव्हताच. आबांनी मला जवळ बोलावून सांगितलं, "गो बाये, ह्या जत्रेक माका गाऱ्हाणा सांगूचा आसा. मगे तू माका मुंबयेक व्हर, नायतर खाडयेत बुडय."

"आबा, सोबत बाटली आहे."

"ता तू बघ. तू शिकलेली मा?"

अडचण बाटलीपेक्षा मोठी होती. अंगात नळी आणि नळीत लघवी, असा माणूस गाभाऱ्यासमोर उभा राहिलेला गावाला चालेल का? मला खात्री होती की चालणार नाही. आणि मान एकदा दुसऱ्याकडे गेला की परत येत नाही. तो दुसरा कोण हेही ठरलेलं होतं: आबांचे धाकटे चुलतभाऊ, दाजीकाका. आवाज बरा, पाठांतर पक्कं, आणि कित्येक वर्षं ते आबांच्या मागे पहिल्या रांगेत उभे राहून वाट पाहत होते. खरं तर देवाला कौल लावून विचारता आलं असतं. पण कौल लावायचा तर विषय गुरवासमोर मोठ्याने सांगावा लागतो, आणि मग गावाला विचारायचं काही शिल्लक राहत नाही.

तेव्हा तुमच्या शिकलेल्या आजीने एक व्यवस्थित योजना आखली. नळीचा विषय घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. आबा घरातून बाहेर का पडत नाहीत असं कोणी विचारलं तर एकच उत्तर: कंबर धरली आहे. तुमचे आजोबा शाळेत विज्ञान शिकवत आणि आम्ही दोघं आबांच्याच घरी राहत होतो. त्यांना मी हे उत्तर पाठ करायला लावलं. बाटलीला मी खादीची पिशवी शिवली. आबांच्या खाटेला पडदा लावला. सगळं जागच्या जागी बसलं म्हणून मी स्वतःवर खूश होते.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या शेवंताकाकी निरगुडीचा पाला घेऊन आल्या. मग कोणी तेल आणलं, कोणी गरम विटेचा शेक सांगितला. आठवड्याच्या शेवटी आरोंद्याहून एक हाडवैद्य दारात उभा राहिला. त्याला कोणी पाठवलं ते कळलं नाही. त्याने आल्याआल्या बाह्या सारल्या.

"उपडी घाला तेंका. एका झटक्यात कंबर मोकळी."

नळी घातलेल्या माणसाला उपडा घालून झटका दिला तर काय मोकळं होईल याची मला पूर्ण कल्पना होती. मी पडद्यासमोर हात पसरून उभी राहिले.

"आज नको. आज अमावास्या आसा."

"अमावास्या गेली परवा," तो म्हणाला.

"आमच्याकडे उशिरा येता," पडद्याआडून आबा म्हणाले.

हाडवैद्य गेला, पण त्याच्या मागोमाग दाजीकाका आले. ओट्यावर बसले, पान लावलं आणि सावकाश बोलायला लागले.

"आबा, कंबर धरली म्हणतत. मगे उभ्यान गाऱ्हाणा कसा जमतला? आता पूर्वीसारखा नाय. ह्या वर्सा मी सांगतंय. तू आपलो खुर्चयेर बसान आयक."

आबा पडद्याआडून खाकरले. मग म्हणाले, "कंबर माझी धरली, दाजी. तोंड धरूक नाय."

"तोंडान उभो रवतलास?"

दाजीकाका गेल्यावर आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत, हेच वाईट होतं. मी इतका विचार करून शोधलेलं कारणच त्यांच्या आड आलं होतं. ताप, खोकला, पोट, काहीही सांगता आलं असतं. उभं राहायच्या कामासाठी मी नेमकी कंबर निवडली होती. यासाठी इंग्रजी शिक्षण लागतं.

आता मागे फिरायची सोय नव्हती. आबा ताठ उभे राहतात आणि बाटलीशिवाय उभे राहतात, दोन्ही दाखवायला हवं होतं. मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कपाटातून एक छोटं बूच काढलं. नळीच्या तोंडात ते बसवलं की नळी बंद. बाटली काढून ठेवायची, नळी दुमडून धोतराच्या आत बांधायची, आणि मूत्राशय पूर्वीसारखं काही वेळ धरून ठेवतं.

"किती वेळ?" मी विचारलं.

"सिनेमाच्या मध्यंतरापर्यंत," डॉक्टर म्हणाले. "मध्यंतर झालं की उघडायचं. अख्खा सिनेमा पाहायला लावलात तर कळा येतील, बाजूने गळेल, आणि ताप आला तर माझ्याकडे येऊ नका."

घरी तालीम सुरू झाली. मागच्या अंगणात आबा तुळशीसमोर उभे राहत, मी बूच लावत असे, आणि तुमचे आजोबा बाकावर बसून जमावाचं काम करत. वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात ते 'व्हय म्हाराजा' म्हणत. पहिल्या तालमीत आबा पूर्वजांपर्यंतच पोचले आणि कळ आली. हळूहळू जमायला लागलं. पण आबांचं गाऱ्हाणं मध्यंतरापाशी थांबणारं नव्हतं. त्यात सगळ्या वाड्या येत, सगळी गुरं येत, बोटीने येणारे आणि बोटीने न येणारे येत.

"आबा, थोडं कमी करा. काजू आणि आंबा एकत्र घ्या."

"काजूवाले येगळे, आंब्यावाले येगळे. एक करूक गेलंय तर भांडतत."

"मग नारळ सोडा."

"नारळ माझोच आसा. तो कसो सोडू?"

"अगं, त्यांना नारळ घेऊ दे," आजोबा बाकावरून म्हणाले. "नाहीतर ते दोनदा घेतील."

एकदा सराव संपल्यावर, मी बूच काढून बाटली जोडत असताना, आबा हळूच म्हणाले, "बाये, ह्या नळयेचा देवाक चलता काय?"

"देवाला रबराचं काय?"

"देवाचा तुका काय म्हायत?"

मी हसून बाटली जागेवर ठेवली. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला धीर हवा आहे. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

जत्रेच्या संध्याकाळी मी बूच लावलं, नळी नीट दुमडून पट्टीने बांधली, वरून धोतर, वरून कोट. आबा देवळाच्या पायऱ्या कोणाचा हात न धरता चढले. कंबर ताठ. दाजीकाकांनी ते पाहिलं आणि ते दोन पावलं मागे सरकले. मी बायकांच्या बाजूला खांबापाशी उभी राहिले. माझ्या पिशवीत रिकामी बाटली होती. घड्याळ पाहायला नको म्हणून मी ते घरीच ठेवून आले होते, आणि आता दर क्षणाला मोकळ्या मनगटाकडे पाहत होते.

"बा रवळनाथा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वर्साप्रमाण आज तुझी सगळी लेकरा तुझ्या पायाकडे येवन उभी रवली आसत."

"व्हय म्हाराजा!"

"कोण बोटीन इले, कोण मोटारीन इले, कोण चलान इले. तेंका सुखरूप ठेय."

"व्हय म्हाराजा!"

आवाज तोच होता. जमाव सैलावला. मीही सैलावले. आता पूर्वज, मग शेती, की सुटलो. आबा थांबले. श्वास घ्यायला थांबले असं मला वाटलं.

"म्हाराजा, गाव म्हणता आबाची कंबर धरली. ता खोटा."

मागून 'व्हय' उठला आणि अर्ध्यावर विरला.

"कंबरेक काय झाला नाय. माझी लघयेची वाट बंद झाली. डाक्टरान आत नळी घातली आसा. ती आता ह्या घडयेक पण आत आसा. माझ्या चेडवान बापाशीची लाज राखूक कंबर सांगल्यान. तेचो दोष तिका लावू नको."

खांबाला टेकून मी नजर फरशीवर ठेवली. मुंबईत शिकताना आणीबाणीचे पुष्कळ प्रसंग मला शिकवले होते, त्यात हा नव्हता.

"तुझ्यासमोर लपवन उभो रवाक माका जमूचा नाय. आता तू सांग. ही नळी घेवन उभो रवलेलो तुका चलत आसात तर माझा गाऱ्हाणा आयक. चलत नाय तर माझो शबूद हयच बंद कर."

देव लगेच काही बोलत नाही. गुरव समईकडे पाहत राहिला. हात जोडून आबा एका पायावरून दुसऱ्या पायावर भार घेत होते. मला माहीत होतं, ते नुसतं भक्तीने नव्हतं. सगळा गाव पहिल्या रांगेकडे पाहायला लागला, कारण आता आबा थांबले तर पुढे कोणी यायचं हे सर्वांना ठाऊक होतं.

दाजीकाका पुढे आले. आबांच्या शेजारी आले. मला वाटलं, संपलं. ते तिथे थांबले, हात जोडले आणि घसा खाकरला.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले. आणि मग आबांकडे न पाहताच, "फुडे सांग, आबा."

मग मागून जो 'व्हय म्हाराजा' आला तो खाडीपलीकडे ऐकू गेला असेल.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण परवानगी मिळाल्यावर आबांना उत्साह आला. त्यांनी पूर्वज घेतले, वाड्या घेतल्या, गुरं घेतली, काजू वेगळा, आंबा वेगळा, नारळ तर दोनदा घेतला. होडीवाल्यांनंतर त्यांनी पुलाचा विषय काढला, तो तालमीत कधीच नव्हता. मध्यंतर केव्हाच उलटलं होतं. मी खांबाआडून हाताने खुणा केल्या, पदर हलवला, शेवटी खोकले. आबांनी एकदाही वळून पाहिलं नाही, पण त्यांना सगळं कळत होतं.

"आणि म्हाराजा, ही माझी चेडू थय खांबाकडे उभी आसा. शिकलेली आसा, कामाची आसा. तिका जरा धीर दी."

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला, आणि बायकांच्या बाजूने जरा जास्तच जोरात.

गाऱ्हाणं संपताच दाजीकाकांनी हात पसरून जमाव बाजूला केला. "वाट सोडा रे. आबाक जावक व्हया." ज्या गोष्टीसाठी मी खादीची पिशवी शिवली होती ती देवळात जाहीर झाली आणि लोकांनी आदराने वाट दिली. मागच्या बाजूला, विहिरीपाशी, मी गुडघ्यावर बसले, बूच काढलं आणि नळी बाटलीत सोडली.

शेवंताकाकी मागोमाग आल्याच होत्या. "नर्सबाय, आमका ठावक होता गो."

"कसं?"

"तुझ्या दोरयेर रोज लाल नळयो वाळत असतत. कंबरेक कित्याक व्हयो नळयो?"

मी बाटलीला जोडायच्या नळ्या रोज बदलून, उकळून, लांबीप्रमाणे लावून, समोरच्या अंगणात दोरीवर टांगत होते. त्या नीट सुकाव्यात म्हणून.

"मग पाला कशाला आणलात?"

"तू येवडा मनापासना सांगत होतंस. तुका वायट वाटाक नको."

त्या गेल्या. आबांनी भिंतीला पाठ टेकली होती. कोटाच्या बाहीने तोंड पुसलं.

"बाये, दाजी काय म्हणालो ता आयकलंस?"

"आयकलंय."

"काय म्हणालो?"

"फुडे सांग, आबा, म्हणाले."

"आणखी एकदा सांग."

मी आणखी एकदा सांगितलं. आबांनी डोळे मिटले. देवळात वाजप सुरू झालं होतं आणि माणसं विहिरीवर पाय धुवायला येत होती, जाता जाता आबांना हात जोडत होती. माझ्या हातात बाटली भरत होती. पदर तिच्यावर ओढावा असं मला एकदा वाटलं, पण त्यासाठी एक हात सोडावा लागला असता, म्हणून मी तो तसाच राहू दिला.